सिस्टरच्या नावामागे ‘डॉक्टर’

‘नर्सिंग केलं की जन्मभर इंजेक्शनंच द्यायची ना?’ लेकीला नर्सिंगला घालताना आया हमखास विचारतात. मैत्रिणींनो, अमेरिकेत याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून!

आज तिथली फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय. त्यासाठी मास्टर्स चालतं. पण अनेक जणी ‘डीएनपी’ ही डॉक्टरेट करतात. पीएचडी संशोधनासाठी, ही मात्र थेट रुग्णसेवेसाठी. बी.एस्सी.नंतर साधारण तीन-चार वर्षं अभ्यास, प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तास, शिवाय राष्ट्रीय परीक्षा. आपल्याकडून जाणाऱ्या मुलीला त्याआधी एनसीलेक्स परीक्षा देऊन तिथला परवाना काढावा लागतो. खर्चही भरपूर.

सगळ्यांना ते जमेलच असं नाही. पण लेक ‘नर्सिंगला जाते’ म्हणाली, तर ‘एवढंच?’ म्हणू नका. ‘पुढे काय शिकशील?’ असं विचारा.