माणसाचे, पण माणसासाठी नव्हे!

परवा पुण्याला भाचीच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. तिने उणे 80 अंशांच्या कपाटातून करंगळीच्या पेराएवढी एक कुपी काढून दाखवली. वर इंग्रजी चिठ्ठी: मानवी विकर, केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. मराठीचा मास्तर अशा वाक्याशी अडखळणारच!

"मामा, हे माणसाचेच, पण माणसातून काढलेले नाही," ती हसली.

हे विकर जन्मतःच दुबळे असले, तर गोशे नावाचा रोग होतो. पेशींतली एक प्रकारची चरबी मोडत नाही, साठत जाते; पाणथरी सुजून पोराचे पोट नगाऱ्यासारखे होते. 1991 साली अमेरिकेत औषध निघाले, ते वारेपासून. एका रोग्याच्या वर्षभराच्या औषधाला हजारो बाळंतिणींची वार गोळा करावी लागे! 1994 पासून मात्र माणसाचा जनुक हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालून ते तयार होऊ लागले.

मग आता कुपीत काय शोधायचे? वाचकहो, हे औषध जन्मभर शिरेतून घ्यायचे, किंमत भरमसाट, आणि मेंदूपर्यंत ते पोचतच नाही. म्हणून 2009 साली कॅनडातील संशोधकांनी विकरात वापरातली हजारभर औषधे एकेक करून मिसळली आणि ते तापवून पाहिले. दूध नासावे तसे विकर उष्णतेने बिघडते. त्याला सावरणाऱ्यांत निघाले अँब्रॉक्झॉल, आपल्या घरच्या खोकल्याच्या बाटलीतले! रोग्यांवर त्याची परीक्षा अजून चालू आहे, तेव्हा बाटलीकडे धावू नये.

भाचीही अशीच नवी औषधे पारखते. "द्या ती इकडे," म्हणत तिने कुपी माझ्या हातातून घेतली, "तुमच्या मुठीतच तापायची!"