पहिली शर्यत, पंचविशीनंतर

एकोणिसाव्या शतकात अवधचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावाने वसलेले लखनौचे अमीनाबाद आज चिकनकारी, पुस्तके, कबाब आणि कुल्फी यांच्या गर्दीसाठी ओळखले जाते. येथून कैसरबागमार्गे गोमतीच्या दिशेने निघाले की के. डी. सिंह बाबू स्टेडियम लागते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाच्या कर्णधाराचे नाव त्याला दिलेले आहे. तेथे पोहण्याचा तलावही आहे. मात्र अमीनाबादेतील पस्तिशीचा दुकानदार किंवा चाळिशीची गृहिणी पोहायला शिकली आणि तिला एखाद्या शर्यतीत उतरावेसे वाटले, तर तिच्यासाठी दार कोठे आहे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण आपले क्रीडा धोरण नागरिकाकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्याच्या उत्तरावरून कळते.

जगाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले. प्रौढांसाठीची पहिली जागतिक ‘मास्टर्स’ जलतरण स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोत झाली. या प्रकारात पंचविसाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो आणि दर पाच वर्षांचा एक वयोगट असतो. त्यामुळे साठीच्या स्पर्धकाला विशीतल्याशी झुंजावे लागत नाही. उंच ठोकळ्यावरून सूर मारण्याची सक्तीही नाही. काठावरून उडी घ्यावी किंवा पाण्यात उभे राहून, भिंतीला हात लावून सुरुवात करावी. ज्याला सूर मारण्याची भीती वाटते, त्यालाही पन्नास मीटरची शर्यत पूर्ण करता यावी, हा या नियमाचा अर्थ होय.

भारतातही राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरते. अडचण पायथ्याशी आहे. आपली क्रीडाव्यवस्था शाळकरी वयात गुणवत्ता हेरून तिचे पदकात रूपांतर करण्यासाठी रचलेली आहे आणि ‘खेलो इंडिया’च्या प्रमुख स्पर्धाही युवक व विद्यापीठीय विद्यार्थी यांच्यासाठीच आहेत. हे उद्दिष्ट रास्तच आहे. तथापि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले ‘खेलो भारत नीती’ हे धोरण खेळाला लोकचळवळ करण्याची भाषा बोलते. ज्या चळवळीत प्रौढाला प्रेक्षकाचीच जागा मिळते, तिला लोकचळवळ कसे म्हणावे?

पोहण्याच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. भारतात दरवर्षी सुमारे ३८ हजार माणसे बुडून मृत्युमुखी पडतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. मुलांना पोहायला शिकवणे आवश्यकच आहे. पण ज्या घरात कोणीच पोहत नाही, तेथे पाण्याची भीती वारशाने पुढे जाते. मुलगी असताना जिला तलावावर जाऊ दिले नाही, ती आई झाल्यावर शिकली, तर तिची मुलेही शिकण्याची शक्यता वाढते.

शिकायला तलाव पुरेसा आहे, मग शर्यत कशासाठी? कारण प्रौढाचे शिकणे बहुधा मध्येच सुटते. दुकान, नोकरी, घर यांपुढे सराव मागे पडतो आणि उत्तर भारतातले उघडे तलाव हिवाळ्यात बंदच असतात. ठरलेली तारीख आणि घड्याळात नोंदली जाणारी वेळ सरावाला मुदत देतात. तलाव चालवणाऱ्यांनाही मग प्रौढांच्या वेळा, महिलांची स्वतंत्र पाळी आणि जीवरक्षक यांचा विचार करावा लागतो.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या मिहिर सेन यांनी शर्यतीच्या पोहण्याचे धडे तेथेच घेतले, अनेक अपयशे पचवली आणि २७ सप्टेंबर १९५८ रोजी इंग्लिश खाडी पार केली. महाराष्ट्रात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये होणाऱ्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेत मुलांबरोबर ज्येष्ठ आणि दिव्यांग जलतरणपटूही उतरतात. लहानमोठ्या अंतरांचे आणि वयांचे गट ठेवले की प्रौढांना जागा करता येते, हे यावरून दिसते.

हे घडवण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे. उद्याने आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा ७४व्या घटनादुरुस्तीने पालिकांच्या कार्यकक्षेत आणल्या. प्रत्येक जिल्ह्यातील सरकारी किंवा पालिकेच्या तलावावर वर्षातून एक दिवस केवळ प्रथमच उतरणाऱ्या प्रौढांसाठी राखून ठेवावा. अंतर पन्नास मीटर, सुरुवात पाण्यातून, शुल्क नाममात्र, महिलांच्या शर्यती वेगळ्या आणि पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या वेळेची अधिकृत नोंद, एवढे पुरे. त्यासाठी लागणारा खर्च नव्या स्टेडियमच्या कोनशिला समारंभाहून फार मोठा नसेल.

सार्वजनिक ग्रंथालयात पन्नाशीच्या वाचकाला कोणी वय विचारत नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या तलावाचा दंडकही तोच असला पाहिजे.