सॅमनचा हंगाम: कोटा उरेपर्यंत

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची पावसाळी मासेमारी बंदी गेली काही वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी असते. कोळीवाड्यात या तारखा तोंडपाठ असतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वेस्टपोर्ट बंदरात सॅमनच्या हंगामाचं तसं नाही. तिथे तारखा दरवर्षी नव्याने ठरतात आणि जाहीर झालेली शेवटची तारीखही पक्की नसते. सिएटलकडच्या मुलाकडे किंवा बहिणीकडे जाताना एक दिवस समुद्रात गळ टाकायचा बेत असेल, तर आधी नियम बघा, मग बोट ठरवा.

नियम ठरतात वसंतात. किनाऱ्यापासून ३ ते २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीच्या शिफारशी ‘पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल’ करते. मार्चमध्ये ती सहसा तीन पर्याय मांडते, एप्रिलमध्ये एक निवडते, आणि केंद्राच्या मंजुरीनंतर मेच्या मध्यापासून ते नियम लागू होतात. हे नियम ठरवण्याच्या वाटाघाटींत आदिवासी जमातीही बरोबरीने बसतात, कारण १९७४च्या ‘बोल्ट’ या न्यायालयीन निकालाने अमेरिकेशी करार केलेल्या जमातींचा माशांतला निम्म्यापर्यंतचा वाटा मान्य केला आहे. त्यामुळे एप्रिलच्या आधी कुणी नक्की तारीख सांगत असेल, तर तो अंदाज समजावा.

एवढी काटेकोरी कशासाठी? सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला त्याच नदीकडे परततो. समुद्रात मात्र अनेक नद्यांचे मासे एकत्र फिरतात. एका नदीचे मासे भरपूर आणि दुसरीचे नामशेष व्हायच्या बेतात असले, तरी गळाला कोणता लागेल हे सांगता येत नाही. म्हणून सर्वांत दुबळ्या नदीला झेपेल एवढीच मुभा मिळते. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ साली समुद्रातली सॅमनची मासेमारी पूर्ण बंद होती, ती नद्यांकडे परतणारे मासे घटल्यामुळे.

वेस्टपोर्टला मुख्यतः दोन जाती मिळतात: मोठा चिनूक, ज्याला तिथे ‘किंग’ म्हणतात, आणि लहान पण चपळ कोहो. हंगाम साधारण जूनअखेर ते सप्टेंबर. कोहो हवा असेल तर ऑगस्ट बरा. पण दोन्ही जातींना कोटा असतो आणि तो भरला की हंगाम आधीच आटोपतो. काही वर्षी आठवड्यातले ठरावीक वारच खुले असतात. म्हणून अगदी शेवटचा आठवडा धरू नका आणि एक दिवस राखीव ठेवा. बंदराच्या तोंडाशी उथळ पट्ट्यावर लाटा फुटतात. त्या वाढल्या की तटरक्षक दल बोटींना अडवतं.

बोट ठरवताना कार्यालयाला तीन गोष्टी विचारा: हंगाम अचानक बंद झाला तर पैसे परत मिळतात का, परवाना तिथेच मिळेल का, आणि बोटीवर माणसं किती? १५ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. सोबत पकडलेल्या माशांचं नोंदकार्डही लागतं. ठेवलेला सॅमन त्यावर लगेच लिहायचा. गळ आणि आमिष बोटीवर असतं. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून दोरी सैल पडली की मासा निसटतो.

मासा वर आला की खलाशी आधी त्याची पाठ बघतो. शेपटीच्या जरा अलीकडे बोटाच्या पेराएवढा मऊ, मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या बहुतेक पिल्लांचा हा पर सोडण्याआधी कापतात. पर जागेवर असेल तर मासा सहसा नैसर्गिक पैदाशीचा. कोहोच्या बाबतीत तो सहसा सोडून द्यावा लागतो, आणि तोही बोटीत न घेता, पाण्यातच गळ काढून. चिनूकचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून त्या वर्षीचं पत्रक वाचावं. लांबीची किमान मर्यादाही त्यातच असते.

धक्क्यावर राज्याचे नमुने घेणारे कर्मचारी मासे मोजतात आणि माशाच्या नाकाडावरून एक यंत्र फिरवतात. काही माशांच्या नाकाडात सुमारे एक मिलिमीटरची सांकेतिक तार असते. तिच्यावरून मासा कोणत्या हॅचरीचा आणि कधीचा हे कळतं. कोटा किती उरला हे याच मोजणीतून कळतं आणि पुढच्या वर्षाचा अंदाजही तिच्यावर बेततात. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी राज्याच्या मत्स्यविभागाचे ताजे नियम पुन्हा एकदा बघा. आठवड्यापूर्वी वाचलेला नियम तोवर बदललेला असू शकतो.