बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला का?

नवा संगणक टेबलावर मांडून झाला होता. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी कपाटातून छोटीशी काळी हार्ड डिस्क काढली. जुना संगणक भंगारात गेला होता, पण त्यांना काळजी नव्हती. बारा वर्षांचे फोटो, मुलीच्या लग्नाची चित्रफीत, पेन्शनची कागदपत्रे, सारे या डिस्कमध्ये 'बॅकअप' म्हणून सुरक्षित होते. त्यांनी वायर जोडली. टक्‌-टक्‌ असा बारीक आवाज आला आणि पडद्यावर सूचना उमटली : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल.

"अहो, म्हणतंय तसं करून टाका ना. लग्नाचे फोटो बघायचेत," पत्नी म्हणाली.

"थांब जरा. आधी पुण्याला फोन लावतो."

पलीकडून मुलगी जवळजवळ ओरडलीच, "बाबा, फॉरमॅट दाबू नका! कॅन्सल करा आणि डिस्क काढून बाजूला ठेवा."

थोड्याफार फरकाने हा प्रसंग आज अनेक घरांत घडतो. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांनी जुने संगणक बदलले. भिलाईसारख्या गावात तर मुले नोकरीसाठी पुणे, बंगळूर किंवा परदेशात, आणि त्यांचे बालपण मात्र आईवडिलांच्या हार्ड डिस्कमध्ये, अशी स्थिती आहे. अशा वेळी ती डिस्क रुसली तर काय करावे?

घाईने 'हो' म्हणू नये

फॉरमॅट करा असे संगणक सांगतो तेव्हा डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नसतो. कोणता फोटो कुठे ठेवला आहे, याची अनुक्रमणिका संगणकाला वाचता येत नाही, एवढाच अर्थ असतो. फॉरमॅट केले की ती अनुक्रमणिका पुसली जाते आणि फोटो परत मिळवणे फार अवघड होते. हाच नियम चुकून पुसलेल्या फोटोंनाही लागू आहे. पुसलेल्या फोटोची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की जुने कायमचे गेले. म्हणून अशा डिस्कवर नवी फाइल ठेवू नये आणि सापडलेले फोटोही पुन्हा तिच्यावरच उतरवू नयेत.

आधी वायर, मग डिस्क

पुष्कळदा दोष डिस्कचा नसून विजेचा असतो. तळहाताएवढ्या डिस्कला वेगळा प्लग नसतो. ती यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेते. जुन्या पद्धतीचे यूएसबी छिद्र ५०० मिलिअँपिअर आणि नव्या पद्धतीचे ९०० मिलिअँपिअर वीज देईल, असे प्रमाण ठरलेले आहे. लांब वायर, एका छिद्राची चार छिद्रे करणारा हब किंवा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे सैल छिद्र असेल तर वीज अपुरी पडते आणि डिस्क टक्‌-टक्‌ करत राहते. म्हणून आखूड आणि चांगली वायर घेऊन ती कॅबिनेटच्या मागच्या छिद्रात थेट लावावी. जमल्यास दुसऱ्या संगणकावरही लावून पाहावी. मोठ्या डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असतो. तिला दुसऱ्याच यंत्राचा अ‍ॅडॉप्टर लावण्याचा मोह टाळावा, नाहीतर आतली पट्टी जळण्याचा धोका असतो.

डिस्क दिसते, फोटो दिसत नाहीत

डिस्क जोडली गेली, पण 'धिस पीसी'मध्ये दिसत नसेल तर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पाहावे. कधीकधी डिस्कला अक्षर मिळालेले नसते. तिला ई किंवा एफ असे अक्षर दिले की काम होते. डिस्क मॅक संगणकावर तयार केलेली असेल तर ती बहुधा विंडोजला वाचता येत नाही. अशा वेळी ती मॅकवरच उघडावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर पासवर्ड किंवा ४८ आकडी किल्ली हवीच. ती किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

बॅकअप कोणत्या पद्धतीने घेतला होता, हेही आठवावे. 'फाइल हिस्टरी'ने घेतलेला असेल तर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये फोटो जसेच्या तसे असतात. फक्त प्रत्येक नावापुढे तारीख जोडलेली असते. ते सरळ नव्या संगणकावर उतरवता येतात. एखाद्या खास प्रोग्रॅमने घेतलेला बॅकअप बहुधा त्याच प्रोग्रॅमने उघडावा लागतो. संपूर्ण संगणकाची 'सिस्टिम इमेज' घेतलेली असेल तर 'विंडोजइमेजबॅकअप' या फोल्डरचे नाव बदलू नये आणि तो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात ठेवू नये. तसे केल्यास विंडोजला तो सापडत नाही.

कुठे थांबावे

वायर बदलूनही टक्‌-टक्‌ चालूच असेल, किंवा डिस्क खाली पडलेली असेल, तर प्रयोग थांबवावेत. डिस्कच्या आत वाचणारी सुई फिरत्या तबकडीला न टेकता अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. धुळीचा कणही तिला पुरे होतो. म्हणून डिस्क घरी उघडू नये, फ्रीजमध्ये ठेवू नये, आणि आतले फोटो दुसरीकडे उतरवण्याआधी दुरुस्तीचा प्रोग्रॅमही चालवू नये. माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती न्यावी आणि खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्यावा.

मोठ्यांचीही फजिती

ही फजिती केवळ घरगुती माणसांचीच होते असे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम एका चुकीच्या आज्ञेने पुसले गेले. बॅकअप उघडायला गेले तेव्हा कळले की तो नीट घेतलाच जात नव्हता! गॅलिन सुसमन या अधिकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक रजईत गुंडाळून मोटारीतून आणला गेला, तेव्हा कुठे चित्रपट वाचला.

तपासल्याशिवाय रूळ नाही

भिलाईत रेल्वेचे रूळ तयार होतात. आत भेग नाही ना, हे ध्वनिलहरींनी तपासल्याशिवाय रूळ कारखान्याबाहेर पाठवला जात नाही. ज्यांनी आयुष्यभर हे पाहिले, त्यांनी घरच्या बॅकअपची मात्र एकदाही परीक्षा घेतलेली नसते. दर तीन महिन्यांनी डिस्क जोडून दहा-पाच फोटो आणि एखादी चित्रफीत उघडून पाहावी. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती ठेवाव्यात : दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. जुना संगणक तर नव्यावर सारे उघडून पाहिल्याशिवाय भंगारात देऊच नये.

त्या गृहस्थांचे नशीब चांगले होते. मुलीने सांगितल्याप्रमाणे आखूड वायर आणून मागच्या छिद्रात लावली, तेव्हा आवाज थांबला आणि फोटो दिसू लागले. पत्नी लगेच लग्नाचे फोटो बघायला सरसावली.

"थांब," ते म्हणाले, "आधी सगळे नव्या संगणकावर उतरू देत. मग दुसरी डिस्क आणतो आणि पुण्याला पाठवतो."

फोटो रात्री जेवणानंतर पाहिले गेले.