मुद्रा कोणाच्या हातीं ?

गेल्या ज्येष्ठांत एके दिवशीं आमच्या थोरल्या वहिनींच्या नांवानें घरच्या सर्व मंडळींच्या मोबाईलवर निरोप आला : "तातडीची अडचण आहे, वीस हजार रुपये पाठवा. मागाहून सांगतें." पुण्यास असलेल्या धाकट्या पुतण्यानें विलंब न लावतां पैसे धाडले. वहिनी त्या वेळीं माजघरांत वाती वळीत बसल्या होत्या ! चौकशीअंतीं कळलें कीं, सकाळीं कोणा गृहस्थानें फोन करून, "नातवाच्या शाळेच्या कामासाठीं आपणांकडे सहा अंकी क्रमांक आला असेल, तो सांगा," असें विनविलें. आणि नातवाचें नांव ऐकतांच वहिनींनीं तो सांगून टाकिला.

ही हकीकत ऐकून आम्हांस विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'ची आठवण झाली. अमात्य राक्षसाचें कुटुंब चंदनदासाच्या घरीं गुप्तपणें राहिलें असतां पांच वर्षांचें एक मूल दाराबाहेर धांवतें; त्यास आंत ओढतांना मातेच्या बोटांतील सैल मुद्रिका गळून पडते व चाणक्याच्या हेरास सांपडते. पुढें शकटदासाकडून कपटानें लिहवून घेतलेल्या पत्रावर तीच मुद्रा उठते, आणि मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडून सारा बेत धुळीस मिळतो. निरोपांचें यंत्र रचणाऱ्यांपुढें आजहि हेच दोन प्रश्न आहेत : मजकूर वाटेंत कोणीं वाचूं नये, आणि मुद्रा परक्याच्या हातीं जाऊं नये.

पहिल्याचें उत्तर गणितानें दिलें आहे. आपला निरोप आधीं कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे मधल्या संगणकावर जातो व तेथून पुढें पोंचतो. त्या मुक्कामीं कुलूप उघडत असेल तर तेथील मनुष्य सर्व कांहीं वाचूं शकेल. म्हणून तें पाठविणाऱ्याकडे लागावें आणि घेणाऱ्याकडेच उघडावें. परंतु जे कधीं भेटले नाहींत त्यांनीं किल्ली ठरवावी कशी ? १९७६ सालीं अमेरिकेंत व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं युक्ति प्रसिद्ध केली. प्रत्येकानें एक संख्या गुप्त ठेवावी व तिजपासून काढलेली दुसरी उघडपणें पाठवावी. दुसऱ्याची उघड संख्या आणि आपली गुप्त संख्या यांच्या मेळानें दोघांस एकच किल्ली मिळते. ऐकणाऱ्यास मात्र उघड संख्येवरून गुप्त संख्या काढणें व्यवहारांत अशक्य होतें. या कार्याबद्दल दोघांस २०१५ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सिग्नलच्या रचनेचें असें कुलूप व्हॉट्सअ‍ॅपनें २०१६ च्या एप्रिलपर्यंत सर्वांच्या निरोपांस लाविलें. त्यांत प्रत्येक निरोपाची किल्ली निराळी; आजची चोरीस गेली तरी तिनें कालचे निरोप उघडत नाहींत.

दुसरा प्रश्न याहून बिकट. मध्यें बसलेल्या लबाडानें दोघांशीं वेगवेगळी किल्ली ठरविली तर कुलूप असूनहि तें व्यर्थच ! याकरितां दोघांच्या किल्ल्यांवरून ६० अंकांची एक खूण काढितात. ती समोरासमोर ताडून पाहावी. कोणी दुसऱ्या मोबाईलवर आपलें खातें उघडलें कीं ही खूण बदलते. परंतु ती पाहतो कोण ? खातें उघडावयास तो सहा अंकी क्रमांक पुरतो, आणि तीच आजची मुद्रिका होय. येथें रचनाकाराची कुचंबणा होते. पावलोपावलीं अडविलें तर वृद्ध मंडळी कंटाळून यंत्र टाकून देतात. न अडविलें तर आमच्या घरीं घडलें तें घडतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कुलूप मजकुरास असतें. कोणीं कोणास केव्हां लिहिलें, हें लखोट्यावरील पत्त्याप्रमाणें कंपनीस दिसूं शकतें. निरोपांची प्रत दुसरीकडे सांठविली असेल तर तिला निराळें कुलूप लावावें लागतें.

गृहस्थाश्रमी वाचकांनीं एवढें तरी करावें : तो सहा अंकी क्रमांक कोणासहि सांगूं नये, खात्यास आपला स्वतःचा गुप्त संकेतांक जोडावा, आणि निरोपांतून पैशाची मागणी आली तर स्वतः फोन करून ओळखीचा आवाज ऐकल्यावांचून एक रुपयाहि धाडूं नये.

पैसे परत आले नाहींत. वहिनींनीं चार दिवस मोबाईलास हात लाविला नाहीं. परंतु घरांत त्यांस कोणीं बोल लाविला नाहीं. राक्षसाची मुद्रिका गळाली तीहि मुलाच्या मायेपोटींच. पांचव्या दिवशीं नातवानें शेजारीं बसून त्यांच्याकडून नवा संकेतांक घालविला. तो कोणता, हें त्यानें विचारिलें नाहीं, आणि वहिनींनींहि सांगितलें नाहीं.