एकच डाव अजून!

गोट्या खेळताना हा अनुभव तुम्ही घेतला असेलच. खिशात वीस गोट्या घेऊन गेलात आणि बारा हरलात. आईची हाक आली, पण पाय काही निघत नाही. "एकच डाव अजून! हरलेल्या तेवढ्या परत मिळवतो नि येतो." शेवटी घरी येताना खिसा रिकामा! आता गंमत बघा. त्याच बारा गोट्या जिंकल्या असत्या, तर पहिल्या हाकेलाच घराकडे धूम ठोकली असती.

हे फक्त मुलांचंच होतं असं नाही बरं का! शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं. पुढे कानेमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की त्याआधीच वारले होते.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला छोटासा वाटा. समजा, तुमच्या दादाने दोन कंपन्यांचे शेअर शंभर-शंभर रुपयांना घेतले. एकाचा भाव 130 झाला, दुसऱ्याचा 70. पैशांची गरज पडली, तर दादा कोणता विकेल? बहुतेक जण 130 वाला विकतात. कारण 70 वाला विकला, की 'आपण चुकलो' हे कबूल करावं लागतं ना! पण तुम्ही तो कितीला घेतलात, हे त्या बिचाऱ्या शेअरला काय ठाऊक?

हल्ली मोबाइलवर बोट टेकवलं की सौदा होतो. त्यातला एक प्रकार 'फ्युचर्स आणि ऑप्शन्स'. पुढे भाव चढेल की पडेल, यावरचे हे सौदे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'ने त्यांची पाहणी करून 2024 साली आकडे जाहीर केले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांना तोटा झाला, तोही सरासरी दोनेक लाखांचा! 2023-24 मध्ये सौदे करणाऱ्यांत 43 टक्के तिशीच्या आतले होते. आणि ओळीने तोटा होऊनही तोटा झालेल्यांपैकी 75 टक्क्यांहून जास्त लोक सौदे करतच राहिले. एकच डाव अजून!

आज घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचारा. "नाणं उडवायचं. छापा पडला तर तुम्ही मला शंभर रुपये द्यायचे. काटा पडला तर मी तुम्हाला किती द्यावेत, म्हणजे तुम्ही खेळाल?" आजी, बाबा, आत्या, सगळ्यांची उत्तरं वहीत लिहून ठेवा. शंभरालाच कोण तयार होतं ते बघा. आणि हो, नाणं मात्र उडवू नका!