मद्याचा अंमल आणि अडखळणारी वाणी

एरवी स्वतःचे नाव सांगतानाही पहिल्याच अक्षरावर अडणारा मनुष्य पंचवटीत रामकुंडावरील सायंआरतीच्या समुदायात सूर मिसळताच बहुधा अस्खलित म्हणू लागतो. समूहस्वरात वा गाण्यात तोतरेपणा लोपतो, ही वाणीतज्ज्ञांच्या परिचयाची गोष्ट आहे. मद्याचा असा भरवसा देता येत नाही. ‘दोन घोट घेतले की जीभ मोकळी होते’ या समजुतीत तथ्य एवढेच, की मद्याने मेंदूतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचे कार्य वाढून भीड आणि बोलण्यापूर्वीची धास्ती काही काळ ओसरते, व ज्याचे अडखळणे त्या धास्तीने बळावलेले असते त्याला तेवढ्यापुरते हायसे वाटते. परंतु तोतरेपणाचे मूळ भीतीत नाही. ओठ, जीभ व स्वरयंत्र यांना मेंदूकडून सुटणाऱ्या हुकमांच्या कालमेळात ते असते, आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. आणि नेमका तोच मेळ मद्य बिघडवते, त्यामुळे मात्रा वाढली की अडखळण्यात बोबडेपणाची भर पडते, कित्येकांचे तोतरेपण तर उलट वाढते. नशा उतरल्यावर धास्ती दुणावून परतते, आणि मुलाखतीपूर्वी पेल्याचा आधार घेणारा तरुण हळूहळू व्यसनाच्या कह्यात जातो, ही मला सर्वांत चिंतेची बाब वाटते.

प्रौढांत सुमारे १ टक्का लोक तोतरे बोलतात. त्यांत पुरुष अधिक. वाणीदोषांवरील इलाजासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.